दोन वर्षं शिल्लक असताना

जुलै २००१ मध्ये आर्सेनलने लंडनबाहेरच्या आपल्या सराव केंद्रावर पत्रकारांना बोलावलं. नवा गोलरक्षक रिचर्ड राइट याची ओळख करून देतील, असा बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात समोर आला सोल कॅम्पबेल. टॉटनहॅमचा कर्णधार, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा सेंटर-बॅक, वय अवघं २६. टॉटनहॅमच्याच अकॅडमीत वाढलेला हा खेळाडू शेजारच्या हाडवैऱ्याकडे निघाला होता, आणि आर्सेनलने त्यासाठी टॉटनहॅमला एक पेनीही दिली नव्हती. त्याचा करार संपला होता, एवढंच.

टॉटनहॅमचे समर्थक आजही कॅम्पबेलला बोल लावतात. पण हिशेबाच्या वहीकडे पाहिलं तर वेगळाच प्रश्न पडतो. टॉटनहॅमने पैशांत हात आखडता घेतला नव्हता. नवा करार केला असता तर कॅम्पबेल त्या क्लबमधला सर्वांत जास्त पगाराचा खेळाडू ठरला असता. चुकली ती वेळ. हा प्रस्ताव खऱ्या अर्थाने मोठा झाला तेव्हा कॅम्पबेलला सही करण्याची घाई उरली नव्हती. काही महिने थांबलं की सगळं युरोप त्याच्यासाठी मोकळं होणार होतं. पुढच्याच हंगामात आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, आणि २००३-०४ मध्ये तर लीगचा अख्खा हंगाम न हरता पार पाडला. दोन्ही संघांत कॅम्पबेल होता.

नामांकित बचावपटूचा करार केव्हा वाढवायचा, हा फुटबॉल क्लबच्या कारभारातला सर्वांत अवघड निर्णयांपैकी एक आहे. लवकर वाढवला तर दुखापतीचं आणि घसरणीचं ओझं गळ्यात पडतं. उशीर केला तर खेळाडू हातातून जातो. आणि बचावपटूच्या बाबतीत तो नेमका किती चांगला आहे हेच ठरवणं कठीण असतं. करार वाढवताना क्लब खेळाडू नव्याने विकत घेत नाही, तो तर आधीच त्याच्याकडे असतो. तो विकत घेतो वेळ: पुन्हा एकदा विचार करता येईल, हवं तर विकता येईल, पर्याय तयार करता येईल इतका वेळ. त्या वेळेची किंमत किती आणि ती कधी मोजायची, हे या प्रकरणात पाहू.

एका मिडफिल्डरने लावलेलं घड्याळ

कॅम्पबेल फुकट जाऊ शकला याचं श्रेय ज्याॅं-मार्क बोसमन या बेल्जियन मिडफिल्डरला जातं. १९९० मध्ये त्याचा आरएफसी लिएज या क्लबशी असलेला करार संपला. क्लबने नवा करार देऊ केला तो महिना ३०,००० बेल्जियन फ्रँकचा. त्याआधी त्याची सरासरी कमाई होती १,२०,०००. बोसमनने नकार दिला. फ्रान्समधल्या डंकर्क क्लबला तो हवा होता. पण त्या काळच्या नियमांनुसार करार संपला तरी जुना क्लब नव्या क्लबकडून पैसे मागू शकत असे, आणि ते व्यवहार पूर्ण होईपर्यंत खेळाडू अडकून पडे. बोसमन न्यायालयात गेला. पाच वर्षांनी, १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल तर जुन्या क्लबला त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत.

त्याआधी करार संपण्याच्या तारखेला फारसा अर्थ नव्हता. निकालानंतर तीच तारीख सगळ्यात महत्त्वाची झाली. खेळाडूची बाजारातली किंमत त्या दिवशी शून्यावर येते, मग मैदानावर तो कितीही मोलाचा असो. क्लबच्या दृष्टीने खेळाडूला दोन किमती असतात: एक बाजारातली, एक मैदानावरची. तरुण आणि लांब कराराच्या खेळाडूच्या बाबतीत त्या साधारण बरोबरीने चालतात. करार संपत आला की त्यांची फारकत होते, आणि क्लबची खरी परीक्षा तिथे सुरू होते.

चोवीस, बारा, सहा

फुटबॉलच्या व्यवहारात तीन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात.

करार संपायला २४ महिने असताना क्लबची बाजू भक्कम असते. खेळाडूने सही केली तर उत्तम. नाही केली तर त्याच उन्हाळ्यात जवळजवळ पूर्ण किमतीला विकता येतं. खरेदीदारालाही ठाऊक असतं की खेळाडू फुकट मिळायला अजून दोन वर्षं आहेत.

१२ महिने उरले की तोल सरकतो. आता खरेदीदार म्हणतो, वर्षभर थांबलो तर फुकटच मिळेल, मग एवढे पैसे का मोजू? किंमत झपाट्याने खाली येते. क्लबपुढे दोनच वाटा राहतात: मिळेल त्या भावाला विकणं, किंवा शेवटचं वर्ष वापरून फुकट सोडणं.

सहा महिने उरले की फिफाच्या नियमानुसार खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबशी उघडपणे पुढच्या हंगामाचा करार करू शकतो. म्हणून दरवर्षी १ जानेवारीला युरोपातल्या क्रीडा पानांवर अशा खेळाडूंच्या याद्या झळकतात.

खेळाडूच्या आणि एजंटच्या बाजूने पाहिलं तर थांबण्यात फायदा उघड आहे. नव्या क्लबची ट्रान्सफर फी वाचते आणि तिचा मोठा हिस्सा जास्त पगार, सहीचा बोनस आणि एजंटचं कमिशन या रूपाने फिरून त्यांच्याकडेच येतो. मग सगळेच खेळाडू का थांबत नाहीत? कारण गुडघा. कराराच्या शेवटच्या वर्षात गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर ना जुना क्लब, ना नवा. मुदतवाढीची सही म्हणजे खेळाडूने घेतलेला विमाही असतो, आणि त्याचा हप्ता तो थोड्या कमी पगाराच्या रूपाने भरतो. दोघांनाही घाई नसते तेव्हा, म्हणजे दोन वर्षं शिल्लक असताना, हा सौदा सर्वांत स्वस्तात होतो. अडचण अशी की घाई नसताना माणसं सौदा पुढे ढकलतात.

बचावपटूचं वय वेगळ्या गतीने वाढतं

विंगरच्या पायातला वेग गेला की तो गेला. सेंटर-बॅकचं तसं नसतं. त्याचं काम बरंचसं अंदाजाचं आहे: चेंडू कुठे पडणार, समोरचा स्ट्रायकर कुठल्या खांद्यावरून वळणार, आपली फळी कधी पुढे सरकवायची. हे अनुभवाने वाढतं. पाओलो माल्दिनीने २००७ मध्ये एसी मिलानचा कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीगचा चषक उचलला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. थियागो सिल्वा ३५ व्या वर्षी, २०२० मध्ये, फुकट चेल्सीकडे आला. क्लबने त्याला एकच वर्षाचा करार दिला, मग आणखी एक, मग आणखी एक. असं करत तो २०२४ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळला आणि २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगही जिंकला.

म्हणून बऱ्याच क्लबांनी तिशीनंतर एकेका वर्षाची मुदतवाढ असा दंडक घालून घेतला. चेल्सीने तो आपल्या कर्णधारालाही लावला. जानेवारी २०१६ मध्ये जॉन टेरीने जाहीर केलं की क्लब आपल्याला नवा करार देणार नाही. मे महिन्यात त्याच क्लबने त्याला आणखी एक वर्ष दिलं. त्या वर्षी तो फार खेळला नाही, पण संघाने लीग जिंकली आणि तो सन्मानाने गेला.

दंडकाचा फायदा असा की भावना बाजूला राहतात. तोटा असा की बचावपटूंची घसरण सारखी नसते. धावून चूक सुधारणारे आणि जागा धरून चूक टाळणारे, या दोघांना एकच नियम लावला की एकावर अन्याय होतो आणि दुसऱ्यावर पैसे वाया जातात. फुल-बॅकचा हिशेब तर आणखी वेगळा. आजच्या खेळात त्याला सामनाभर कडेने धावायचं असतं, त्यामुळे त्याचं वय विंगरच्या जवळ जातं.

टॅकल्स मोजून काय कळतं?

स्ट्रायकरचे गोल मोजता येतात. बचावपटूचं उत्तम काम म्हणजे जे घडलंच नाही ते. आता करार वाढवायचा की नाही हे ठरवताना न घडलेल्या गोष्टी मोजायच्या कशा?

याप स्टाम हे याचं गाजलेलं उदाहरण. १९९८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला एक कोटी पौंडांहून अधिक मोजून घेतलं. तीन हंगामांत तीन लीग विजेतेपदं आली, १९९९ ची चॅम्पियन्स लीगही आली. २००१ मध्ये क्लबने त्याचा करार पाच वर्षांनी वाढवला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला सुमारे १.६ कोटी पौंडांना लाझिओला विकून टाकलं. तो २९ वर्षांचा होता. व्यवस्थापक सर अॅलेक्स फर्ग्युसन यांना वाटलं होतं की टाचेच्या स्नायुबंधाच्या दुखापतीनंतर त्याचा वेग कमी झाला. त्याच्या टॅकल्सचे आकडे घटल्याचाही या निर्णयात वाटा होता, असं पुढे सांगितलं गेलं.

त्याच्या जागी ३५ वर्षांचा लॉराँ ब्लाँ आला. युनायटेड त्या हंगामात तिसऱ्या क्रमांकावर घसरलं. विजेतेपद गेलं कॅम्पबेलच्या आर्सेनलकडे. स्टाम पुढे एसी मिलानकडे गेला आणि २००५ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात नेस्ता आणि माल्दिनीच्या बरोबरीने बचावफळीत उभा राहिला. स्टामला विकणं ही आपली चूक होती, हे फर्ग्युसन यांनी नंतर मान्य केलं.

टॅकल कमी झाले याचा अर्थ बचावपटू संपला असाही होतो, आणि तो आता इतका योग्य जागी उभा असतो की टॅकलची वेळच येत नाही असाही होतो. आकडा एकच, निष्कर्ष दोन टोकांचे. आज क्लबांकडे प्रत्येक सेकंदाला प्रत्येक खेळाडू कुठे होता याची नोंद असते, त्यामुळे अंदाज सुधारला आहे. तरी मूळ अडचण कायम आहे: चांगला बचावपटू शेजाऱ्याची चूकही झाकतो, आणि तो गेल्यावरच कळतं की त्याने काय काय झाकलं होतं.

स्टामच्या गोष्टीत आणखी एक धडा आहे. करार वाढवला म्हणजे खेळाडू राहणारच असं नाही. जुलै २०१२ मध्ये मिलानने थियागो सिल्वाचा करार २०१७ पर्यंत वाढवला, आणि त्याच महिन्यात त्याला सुमारे ४.२ कोटी युरोंना पॅरिस सेंट-जर्मेंला विकलं. करारात वर्षं शिल्लक होती म्हणूनच एवढा भाव मिळाला.

कागदावरची इतर घड्याळं

वर्तमानपत्रात येते ती करार संपण्याची तारीख. क्लबच्या कार्यालयात मात्र आणखी तीन घड्याळं टिकटिकत असतात.

पहिलं हिशेबनिसाचं. टॅक्सीवाला गाडीची किंमत एका वर्षाच्या खर्चात धरत नाही, ती जितकी वर्षं चालेल तितक्यांत वाटतो. क्लबही खेळाडूची ट्रान्सफर फी कराराच्या वर्षांत वाटतो. समजा, एखादा सेंटर-बॅक ६ कोटी पौंडांना पाच वर्षांसाठी घेतला. दरवर्षी १.२ कोटी खर्चात पडतात. तीन वर्षांनी २.४ कोटी शिल्लक राहतात. तेव्हा करार आणखी तीन वर्षांनी वाढवला तर ही शिल्लक पाच वर्षांत पसरते, आणि वार्षिक बोजा १.२ कोटींवरून ४८ लाखांवर येतो. क्लबने किती तोटा सोसायचा याला लीगच्या आर्थिक नियमांची मर्यादा असते, त्यामुळे कधी कधी मुदतवाढीची खरी निकड ताळेबंदातून येते. चेल्सीने २०२२ नंतर हे टोकाला नेलं आणि सात-सात वर्षांचे करार केले. शेवटी युएफाने आणि मग प्रीमियर लीगनेही फी वाटून दाखवण्याची मर्यादा पाच वर्षांवर आणली. त्या लांब करारांचा धोकाही दिसला. वेस्ली फोफाना हा सेंटर-बॅक २०२२ मध्ये सात वर्षांच्या करारावर आला. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि पुढचा पूर्ण हंगाम बुडाला. पगार अर्थातच चालू राहिला.

दुसरं घड्याळ कायद्याचं, आणि ते ठळक केलं तेही एका बचावपटूनेच. स्कॉटलंडमधल्या हार्ट्स क्लबचा सेंटर-बॅक अँडी वेबस्टर याने २००३ मध्ये चार वर्षांसाठी करार वाढवला होता. तीन वर्षं झाल्यावर, एक वर्ष शिल्लक असताना, २००६ मध्ये त्याने तो एकतर्फी मोडला आणि विगन अॅथलेटिकला गेला. फिफाच्या नियमात करार सुरू झाल्यापासून ठरावीक काळ ‘संरक्षित’ असतो: २८ व्या वाढदिवसाआधी सही केली असेल तर तीन वर्षं, नंतर केली असेल तर दोन. त्या काळात करार मोडला तर खेळाडूवर बंदी येऊ शकते. नंतर मोडला तर प्रश्न मुख्यतः नुकसानभरपाईचा राहतो. वेबस्टरचा संरक्षित काळ संपलेला होता. फिफाच्या समितीने हार्ट्सला ६,२५,००० पौंड देण्याचा आदेश दिला. जानेवारी २००८ मध्ये क्रीडा लवादाने ती रक्कम १,५०,००० पौंडांवर आणली. पुढच्या खटल्यांत लवादाने भरपाई मोजण्याची पद्धत अधिक कडक केली, पण एक गोष्ट क्लबांच्या लक्षात राहिली: करार नव्याने वाढवला की संरक्षित काळही नव्याने सुरू होतो.

तिसरं घड्याळ स्पॅनिश आहे. स्पेनमध्ये १९८५ पासूनच्या कायद्यानुसार खेळाडूला ठरलेली रक्कम भरून करारातून मोकळं होता येतं, त्यामुळे तिथल्या करारांत रिलीज क्लॉजचा आकडा लिहिलेलाच असतो. मुदतवाढीच्या वाटाघाटीत वर्षांइतकीच रस्सीखेच या आकड्यावर होते. बास्क परंपरेबाहेरचे खेळाडू न घेणाऱ्या अॅथलेटिक बिल्बाओला आयमेरिक लापोर्तसारखा सेंटर-बॅक गेला तर बदली आणायला बाजारच नसतो. २०१६ मध्ये त्यांनी त्याचा करार वाढवून क्लॉजची रक्कमही वाढवून घेतली. जानेवारी २०१८ मध्ये मँचेस्टर सिटीने ती पूर्ण, ६.५ कोटी युरो, मोजली. लापोर्त गेला, पण बिल्बाओने स्वतः ठरवलेल्या भावाला गेला.

एक उन्हाळा, तीन बचावपटू

या सगळ्या वाटा एकाच क्लबमध्ये, एकाच वेळी पाहायच्या असतील तर २०२१ चा रिअल माद्रिद पाहावा.

पहिला सर्जिओ रामोस. १६ हंगाम, कर्णधार, वय ३५. तिशी ओलांडलेल्यांना एकच वर्ष, हा क्लबचा शिरस्ता. रामोसला दोन वर्षं हवी होती. १७ जून २०२१ ला निरोपाच्या पत्रकार परिषदेत त्याने सांगितलं की शेवटी आपण एका वर्षाचा प्रस्ताव स्वीकारायला तयार झालो, तेव्हा उत्तर मिळालं की त्या प्रस्तावाची मुदत उलटून गेली आहे. मुदत होती हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं, असं त्याचं म्हणणं. तो पॅरिसला गेला आणि दुखापतींमुळे तिथे पहिला सामना खेळायला नोव्हेंबरअखेर उजाडली.

दुसरा राफाएल वरान. वय २८, करारात एक वर्ष शिल्लक, नव्या सहीची चिन्हं नाहीत. माद्रिदने त्याला सुमारे ४ कोटी युरोंना मँचेस्टर युनायटेडला विकलं. वर्षभर थांबले असते तर शून्य हाती आलं असतं.

तिसरा डेव्हिड अलाबा, आणि तो आला फुकट. त्याची कथा बायर्न म्युनिकच्या बाजूने पाहण्यासारखी आहे. अलाबा किशोरवयात म्युनिकला आला, तिथे दहा लीग विजेतेपदं आणि दोन चॅम्पियन्स लीग जिंकला. कराराचं शेवटचं वर्ष लागलं तरी पगारावर एकमत होईना. १ नोव्हेंबर २०२० रोजी क्लबचे अध्यक्ष हर्बर्ट हाइनर यांनी दूरचित्रवाणीवर जाहीर करून टाकलं की आम्ही प्रस्ताव मागे घेतला आहे. बायर्नला आपल्या पगाराची चौकट मोडायची नव्हती. एकाला दिलं की उरलेले दारात उभे राहतात. अलाबाच्या बदल्यात त्यांना काहीच मिळालं नाही. उलट लाइपझिगच्या दायो उपामेकानोसाठी त्यांना ४.२५ कोटी युरो मोजावे लागले.

मग बायर्न चुकलं का? मे २०२२ मध्ये अलाबा माद्रिदच्या बचावफळीत होता आणि माद्रिदने पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. तेव्हा उत्तर ‘हो’ असं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि तो वर्षाहून अधिक काळ मैदानाबाहेर राहिला. पगार माद्रिद देत होतं. तेव्हा उत्तर डळमळलं. मुदतवाढीच्या निर्णयाला निकालावरून जोखायला गेलं की असंच होतं, उत्तर तारखेनुसार बदलतं. जोखायचं असेल तर एवढंच पाहावं: निर्णय घेताना क्लबच्या हाती किती पर्याय होते? माद्रिदकडे तिघांच्याही बाबतीत पर्याय होता, आणि बदली म्हणून एदर मिलिताओ दोन वर्षं आधीच आणून ठेवला होता. बायर्नने पहिलं ठाम ‘नाही’ म्हटलं तेव्हा हातात आठ महिने होते.

ठरवणाराच जागेवर नसेल तर

कधी कधी करार हातचा जातो तो गैरहिशेबामुळे नव्हे, तर ठरवणारा माणूस जागेवर नसल्यामुळे. अंतोनिओ रुडिगर हा चेल्सीचा प्रमुख सेंटर-बॅक २०२२ च्या उन्हाळ्यात मोकळा होणार होता. बोलणी आधीच रेंगाळली होती. मार्च २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने मालक रोमान अब्रामोविच यांच्यावर निर्बंध लादले आणि क्लबला नवे करार करायलाच बंदी झाली. रुडिगर माद्रिदला गेला, आंद्रेआस क्रिस्टेनसन बार्सिलोनाला, दोघेही फुकट. नव्या मालकांनी मग बचावफळी उभारायला दहा कोटी पौंडांहून अधिक खर्च केले.

लिव्हरपूलमध्ये असं काही संकट नव्हतं, तरी २०२४-२५ च्या हंगामात मोहम्मद सलाह, व्हर्जिल व्हॅन डाइक आणि ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड या तिघांचे करार एकदमच संपायला आले. कारण वर्षभर मागे जाऊन शोधावं लागतं. करारांना दोन वर्षं राहिली त्या २०२३ च्या उन्हाळ्यात क्रीडा संचालक ज्युलियन वॉर्ड गेले. हंगामी म्हणून आलेले यॉर्ग श्माट्के काही महिन्यांत गेले. जानेवारी २०२४ मध्ये व्यवस्थापक युर्गन क्लॉप यांनी पद सोडणार असल्याचं जाहीर केलं. नवे संचालक रिचर्ड ह्यूज कामावर रुजू झाले तेव्हा १२ महिन्यांचं घड्याळ सुरू झालं होतं.

निकाल दोन टोकांचे लागले. १७ एप्रिल २०२५ ला ३३ वर्षांच्या व्हॅन डाइकने २०२७ पर्यंतची सही केली. ५ मे रोजी २६ वर्षांच्या अलेक्झांडर-अर्नोल्डने आपण जात असल्याचं सांगितलं. सहाव्या वर्षापासून तो या क्लबमध्ये होता. क्लब विश्वचषकासाठी तो महिनाभर आधी हवा म्हणून माद्रिदने सुमारे एक कोटी युरो दिले, तेवढीच लिव्हरपूलची कमाई. तरुण फुल-बॅक गेला आणि वयस्कर सेंटर-बॅक राहिला.

व्हॅन डाइकच्या बाबतीत लिव्हरपूलने याआधी घेतलेला निर्णय अधिक धाडसाचा होता. जानेवारी २०१८ मध्ये ७.५ कोटी पौंडांना, म्हणजे बचावपटूसाठी तोवरच्या विक्रमी किमतीला, तो आला. ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑगस्ट २०२१ मध्ये, नव्या हंगामातला पहिला अधिकृत सामना खेळण्याआधीच, क्लबने त्याचा करार २०२५ पर्यंत वाढवला. तीस वर्षांचा माणूस, नुकताच दुरुस्त झालेला गुडघा, आणि दोन वर्षं शिल्लक असताना चार वर्षांचा शब्द. थांबून गुडघा पाहू, असं म्हणणं सोपं होतं. पण गुडघा चांगला निघाला असता तर करारात एक वर्ष उरलं असतं आणि भाव खेळाडूने सांगितला असता. २०२५ मध्ये लिव्हरपूलने लीग जिंकली तेव्हा कर्णधार तोच होता.

आर्सेनल हे आपल्याच अनुभवातून शिकलं. विल्यम सालिबाचा करार २०२३ मध्ये वाढवला तेव्हा जेमतेम वर्ष उरलं होतं. पुढच्या खेपेला त्यांनी तसं होऊ दिलं नाही. जून २०२५ मध्ये गॅब्रिएलचा करार २०२९ पर्यंत आणि सप्टेंबरमध्ये सालिबाचा २०३० पर्यंत वाढवला. दोघांच्याही हातात तेव्हा सुमारे दोन वर्षं शिल्लक होती.

मुंबई, गोवा, कोलकाता

आपल्याकडे इंडियन सुपर लीगमध्ये ट्रान्सफर फी लहान, करार आखूड, त्यामुळे फुकट जाणं हाच रिवाज. मुंबईत वाढलेल्या राहुल भेकेचा प्रवास पाहा. १७ मार्च २०१९ ला मुंबईतल्या अंतिम सामन्यात त्याच्या हेडरने बेंगळुरूने एफसी गोवाला हरवलं. २०२१ मध्ये तो मुंबई सिटीकडे आला. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबईने चषक जिंकला तेव्हा तो कर्णधार होता. करार संपला आणि त्याच उन्हाळ्यात तो बेंगळुरूला परतला. चषक जिंकणारा कर्णधार क्लबने असा सोडला याचं कोणाला फारसं नवल वाटलं नाही, कारण ३३ वर्षांच्या बचावपटूला विकून पैसे मिळतील असा बाजारच इथे नाही.

लांब करार केला तर काय होतं, हे अन्वर अलीच्या प्रकरणात दिसलं. २०१९ मध्ये मुंबई सिटीत असताना त्याला हृदयविकाराचं निदान झालं आणि त्याचं खेळणं थांबलं. न्यायालयीन लढाईनंतर तो परतला, एफसी गोवाकडून खेळला आणि देशातला सर्वांत मागणी असलेला सेंटर-बॅक बनला. त्याच्या मूळ क्लबने, दिल्ली एफसीने, २०२३ मध्ये त्याला चार वर्षांसाठी मोहन बागानला उसना दिला. वर्षभरातच त्याने तो करार मोडला आणि ईस्ट बंगालशी पाच वर्षांचा करार केला. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि १२.९ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी घेण्याची पाळी आली. वेबस्टरच्या खटल्यातलाच प्रश्न इथे उभा होता: कागदावर सही असली तरी खेळाडूला किती काळ बांधून ठेवता येतं, आणि तो गेलाच तर त्याची किंमत कोण आणि कशी ठरवणार?

त्यानंतरच्या वर्षी तर कागदच अपुरा ठरला. महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातला १५ वर्षांचा मूळ करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि नव्यावर एकमत होत नव्हतं. जुलैमध्ये आयोजकांनी हंगाम स्थगित ठेवला. ऑगस्टमध्ये बेंगळुरूने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. त्या संघात भेकेही होता. लिव्हरपूल किंवा आर्सेनल दोन वर्षं आधी सही घेतात तेव्हा लीग, प्रक्षेपणाचे पैसे आणि पुढचा हंगाम हे सगळं जागच्या जागी असणार हे ते गृहीत धरतात. त्या खात्रीवरच वेळ विकत घेता येतो. ज्या क्लबला पुढचा सामना कधी हे माहीत नाही, त्याने बचावपटूला तीन वर्षांचा शब्द द्यायचा तरी कशाच्या भरवशावर? भारतीय फुटबॉलमध्ये चांगल्या बचावपटूंचे करार वेळेवर वाढायला हवे असतील, तर सगळ्यांत आधी लीगचाच करार वेळेवर वाढायला हवा.